रोजच्या कोऱ्या चहासाठी पान कोणतं, भांडं कोणतं

तुम्ही लिहिलंय की निवृत्तीनंतर दिवसाचे सहा कप दुधाचा चहा दोनवर आणायचाय आणि उरलेल्या वेळी कोरा प्यायचाय. टी-बॅगचा कंटाळा आलाय. म्हणून कुणाच्या तरी सांगण्यावरून दार्जिलिंगचा १०० ग्रॅमचा डबा आणलात, तो ‘जहर कडू’ झाला. आता रोजच्यासाठी चार सुटे चहा सुचवा, भांड्यांची यादी द्या, आणि घरातल्या ऐंशीच्या आईंना दुधाचाच चहा लागतो त्याचंही काही सांगा, असं म्हणता.

साताऱ्यात सासऱ्यांच्या चहाच्या दुकानात मी लग्नानंतर बसायला लागले, त्याला आता एकतीस वर्षं होतील. एवढ्या वर्षांत कोऱ्या चहाची तक्रार घेऊन आलेल्या दहांतल्या आठ जणांची चूक एकच निघाली आहे, आणि बहुतेक तुमचीही तीच असणार. तुम्ही पान उकळलंत.

आपली सवयच तशी. आधण ठेवायचं, साखर, पूड, खदखद उकळी, मग दूध, पुन्हा उकळी. ही रीत चुकीची नाही, फक्त ती सीटीसी चहासाठी आहे. सीटीसी म्हणजे आपल्याकडे ज्याला ममरी म्हणतात तो दाणेदार चहा. १९३०च्या दशकात आसामात निघालेल्या यंत्रातून हिरवं पान दातेरी रोलरांमध्ये चिरडून, फाडून, गोळी करून काढतात. पानाची पेशी न् पेशी फुटलेली असते, त्यामुळे रंग आणि कडकपणा झटकन उतरतो. त्यात आपण दूध घालतो. दुधातलं केसीन हे प्रथिन चहातल्या तुरट द्रव्यांना धरून ठेवतं आणि जिभेपर्यंत पोचू देत नाही. म्हणून दहा मिनिटं उकळलेला टपरीचा चहाही गोड लागतो. आता हीच रीत ठेवा आणि दूध तेवढं काढून घ्या. तुरटपणा सगळा उतरलेला, त्याला धरणारं कुणी नाही. तुमच्या दार्जिलिंगचं हेच झालं. डब्यात चहा उरला असेल तर टाकू नका, खाली सांगते तसा करून बघा.

अख्ख्या पानाच्या चहाला आमच्या धंद्यात ऑर्थोडॉक्स म्हणतात. पान कोमेजू द्यायचं, मळून वळायचं, हवेत काळवंडू द्यायचं, भट्टीत वाळवायचं. त्याला बाजारात ‘पातीचा चहा’ म्हणून मागू नका, भाजीवालीकडे पाठवतील आणि गवती चहाची जुडी घेऊन याल. ‘ऑर्थोडॉक्स’ किंवा ‘लीफ’ म्हटलं की कळतं.

रोजचा चहा निवडताना माझी कसोटी एकच. सकाळी अर्धवट झोपेत, फोनवर बोलता बोलता, मिनिटभर जास्त मुरला तरी जो पिववतो तो रोजचा. ज्याच्यापुढे घड्याळ घेऊन बसावं लागतं तो कितीही उंची असो, रविवारचा. या कसोटीवर माझा कौल निलगिरीला. एकच चहा घरात ठेवायचा असेल तर निलगिरीचा ऑर्थोडॉक्स ठेवा आणि पुढचं काही वाचू नका.

निलगिरीचं नाव लोक फारसं घेत नाहीत, कारण दक्षिणेचा बराचसा माल पूर्वापार मिश्रणांत आणि टी-बॅगांत जात आला. पण कुन्नूरच्या बाजूचा उंचावरचा अख्ख्या पानाचा चहा कोरा पिऊन बघा. रंग तांबूस आणि नितळ, वास फुलांचा, तुरटपणा हलका. तीनऐवजी पाच मिनिटं राहिला तरी रुसत नाही. तिकडे मळे वर्षभर खुडतात, त्यामुळे ताजा माल कायम असतो. डिसेंबर-जानेवारीत थंडी कडाक्याची पडते तेव्हा खुडलेल्या पानाचा ‘फ्रॉस्ट टी’ येतो. तो जास्त सुगंधी, अर्थात महागही. निलगिरीचा आणखी एक गुण म्हणजे गार झाला तरी तो गढूळ होत नाही. आसामचा कडक चहा फ्रिजमध्ये ठेवा, तासाभरात ताकासारखा दिसायला लागतो. निलगिरी काचेसारखा राहतो. एप्रिल-मेमध्ये मी सकाळीच लिटरभर करून गाळून ठेवते आणि दुपारी लिंबू पिळून पिते.

दुसरा डबा आसाम ऑर्थोडॉक्सचा, तोही सेकंड फ्लश, म्हणजे मे-जूनच्या खुडीचा. काळ्या पानात सोनेरी टोकं दिसतात. चव भरीव, भाजलेल्या धान्याची आणि गुळाच्या काकवीची आठवण करून देणारी. ज्याला वर्षानुवर्षं दुधाचा चहा प्यायची सवय आहे त्याला कोरा चहा पहिले काही दिवस पाणचट वाटतो, आणि त्या दिवसांत आसाम साथ देतो. गाळल्यावर वरून चमचाभर कोमट दूध घातलं तरी तो मरत नाही. तुमच्या सकाळच्या पहिल्या कपाला हा घ्या. चार मिनिटांच्या वर मात्र ठेवू नका, हा निलगिरीइतका क्षमाशील नाही.

तिसरा दार्जिलिंग, पण तुम्ही आणला तो नव्हे. डब्यावर ‘फर्स्ट फ्लश’ लिहिलं असेल. झाडं हिवाळाभर निजून फेब्रुवारीअखेर-मार्चमध्ये पहिली पालवी फोडतात, ती ही. नवलाई असते म्हणून भाव चढा. करतानाही पान खूप सुकवतात, पूर्ण काळवंडू देत नाहीत, म्हणून डब्यावर ‘ब्लॅक टी’ असूनही पान हिरवट दिसतं आणि पाणी फिकट सोनेरी. गिऱ्हाईक रंग बघून म्हणतं, अजून उतरला नाही. आणखी पाच मिनिटं ठेवतं, आणि कडू करून घेतं. सुगंध बेफाट, पण वर्षभरात उडून जातो. रोजच्यासाठी हा मी कुणाला देत नाही. त्याऐवजी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या खुडीचा ऑटमनल मागा. तो गोडसर आणि शांत, भावालाही उतरता. सेकंड फ्लशमध्ये दार्जिलिंगचा तो प्रसिद्ध पिकल्या द्राक्षांचा वास मिळतो. तुडतुडे कोवळ्या पानाला चावतात, त्यावर झाड आतून काही द्रव्यं तयार करतं, आणि त्यातून तो वास येतो. आपल्याकडे आंब्यावर तुडतुडे पडले की मोहर जातो आणि बागायतदार डोक्याला हात लावतो. तिकडे त्याच जातभाईच्या चाव्याचे पैसे मिळतात!

दार्जिलिंग घेताना फसवणूक फार होते, तेवढं लक्षात ठेवा. त्या नावाला भौगोलिक मानांकन २००४ सालीच मिळालं आणि मळे मोजून ८७, तरी बाजारात दिसणारा प्रत्येक ‘दार्जिलिंग’ त्या मळ्यांतून आलेला नसतो. २०१७ साली गोरखालँडच्या आंदोलनात १०४ दिवस सगळं बंद होतं, सेकंड फ्लश झाडावरच राहिला. त्या जुलैत एक व्यापारी माझ्याकडे ‘यंदाचा सेकंड फ्लश’ घेऊन आला. मी चाखला, चहा चांगला होता. म्हटलं, हा नेपाळच्या इलामचा आहे, तसं सांगून दिलात तर घेते. तो रागावून गेला. वास्तविक इलाम दार्जिलिंगला लागूनच आहे, डोंगर तोच, झाडं त्याच वळणाची. इलाम म्हणून मिळाला तर बेलाशक घ्या, भावाच्या मानाने पुष्कळ वेळा तोच सरस निघतो.

चौथा डबा रिकामाच ठेवा. त्यात दर महिन्या-दोन महिन्यांनी काही वेगळं आणा, ५० ग्रॅमच्या वर नाही. हिमाचलातल्या कांगड्याचा चहा आणून बघा. १९०५च्या भूकंपात तिथला धंदा असा बसला की पुन्हा मोठा झालाच नाही, पण चहा हलका आणि चवीचा आहे. ग्रीन टी पोट कमी करायला आणणार असाल तर आणू नका, चवीला आणणार असाल तर आणा, आणि त्यावर उकळतं पाणी कधीच ओतू नका. उलाँगच्या, म्हणजे अर्धवटच काळवंडू दिलेल्या चहाच्या, वाटेला सध्या जाऊ नका. छान असतो, पण त्याचा नाद लागला की माणूस भांडी जमवायला लागतो.

पाकिटावरच्या अक्षरांना भुलू नका, हेही सांगून ठेवते. एसएफटीजीएफओपी-१ असं लांबलचक लिहिलेलं असतं. ती अक्षरं पानाचा आकार आणि त्यातली टोकं सांगतात, चव सांगत नाहीत. ‘ऑरेंज पिको’मध्ये संत्रं नसतं. रोजच्यासाठी तर मी अख्ख्यापेक्षा किंचित तुटलेलं पान, एफबीओपी, बरं म्हणते. लवकर उतरतं, दाटपणा असतो, स्वस्तही पडतं. विचारायचं ते हे: कुठल्या भागाचा, कुठल्या खुडीचा, कुठल्या वर्षीचा. दुकानदाराला ही तीन उत्तरं देता आली नाहीत तर १०० ग्रॅमसुद्धा घेऊ नका. मूठभर पान हातावर घेऊन त्यावर तोंडाची वाफ सोडा आणि लगेच वास घ्या. ताजा चहा बोलतो, शिळ्याला पुठ्ठ्याचा वास येतो. आमचे मामंजी गिऱ्हाइकासमोर हे करायचे आणि मग काही न बोलता त्याच्या हातावर पान ठेवायचे. निम्मी विक्री तिथेच व्हायची.

पैशांचं म्हणाल तर एका कपाला अडीच ग्रॅम पान लागतं, म्हणजे किलोत चारशे कप. किलोला २,००० रुपयांचा चहा घेतलात तरी कप पाच रुपयांना पडला. टपरीवर कटिंगही त्यात येत नाही.

आता भांडी. तुमची यादीची अपेक्षा आहे, पण लागणारं बहुतेक सामान तुमच्या ओट्यावर आधीच आहे. स्टीलचं पातेलं, त्यावर घट्ट बसणारं झाकण, बारीक जाळीची गाळणी. पाणी उकळा, गॅस बंद करा, पान टाका, झाकण ठेवा, चार मिनिटांनी सगळंच्या सगळं गाळून घ्या. मी स्वतः पहिली सहा वर्षं असाच करत होते. एकच काळजी घ्यायची: फोडणीच्या पातेल्यात नको. चहासाठी एक पातेलं वेगळं काढा आणि त्यात दुसरं काही करू नका. लोखंडी भांडं नको, चहातली द्रव्यं लोखंडाशी मिळून पाणी शाईसारखं काळं होतं.

एक वस्तू मात्र विकत घ्याच, आणि ती म्हणजे छोटा डिजिटल काटा, एक-दशांश ग्रॅम दाखवणारा. चहादाणीच्याही आधी. हे ऐकून लोक हसतात. पण चमचा दगा देतो. ममरीचा सपाट चमचा अडीच-तीन ग्रॅम भरतो, आणि फुगीर दार्जिलिंगचा तोच चमचा दीड ग्रॅमसुद्धा भरत नाही. एक दिवस कडू, एक दिवस फिक्का असं होतं आणि दोष चहाला लागतो. २०० मिलिलिटर पाण्याला अडीच ग्रॅम, इथून सुरुवात करा. आठवडाभर मोजलंत की हाताला अंदाज येतो. मग काटा माळ्यावर टाका, चालेल.

दुसरी घेण्यासारखी वस्तू म्हणजे मगमध्ये खोलवर उतरणारी, कपाएवढीच रुंद स्टीलची जाळीची टोपली. साखळीला लटकणारा तो जाळीचा गोळा घेऊ नका. पान पाण्यात चौपट फुगतं, गोळ्यात त्याला हलायला जागा नसते, बाहेरचं पान उतरतं आणि आतलं कोरडं राहतं. चिमट्याचा चमचा असतो तोही त्याच लायकीचा. दोघं जण पीत असाल तर ४०० मिलिलिटरची चिनी मातीची किंवा काचेची चहादाणी ठीक. मोठी घेऊ नका. अर्धा चहा कपात आणि अर्धा पानांवर तसाच बसून राहिला की दुसरा कप कडू होणारच. फ्रेंच प्रेस, म्हणजे दांड्याने जाळी खाली दाबायचं कॉफीचं भांडं, घरात असेल तर तोही उत्तम, फक्त त्यात कॉफी कधी केलेली नसावी आणि दांडा दाबून पानं पिळायची नाहीत. थर्मासमध्ये पान टाकून प्रवासाला निघू नका. गाळलेला चहा भरा.

झिलई नसलेल्या मातीच्या चिनी चहादाण्या अलीकडे ऑनलाइन दिसतात. मी मोहात पडून एक घेतली होती. ती चहा पिते आणि वास धरते, म्हणून एका जातीच्या चहाला एकच चहादाणी राखायची अशी तिची अट. आमच्या घरात ती पाळली गेली नाही. एका दिवाळीत कुणीतरी तिच्यात वेलदोड्याचा मसाला चहा केला, तेव्हापासून तिच्यात जास्वंदीचं रोप आहे. चांगलं आलंय.

तापमानाचं फार अवडंबर नको. आसाम, निलगिरी, दार्जिलिंगचा सेकंड फ्लश आणि ऑटमनल, या सगळ्यांना नुकतं उकळलेलं पाणी. तुमच्या उरलेल्या फर्स्ट फ्लशला ९० अंशांच्या आत-बाहेर, ग्रीन टीला ७५-८०. थर्मामीटर लागत नाही. उकळतं पाणी एका थंड भांड्यात ओतलं की आठ-दहा अंश उतरतं, दुसऱ्यात ओतलं की आणखी तितकंच. एक बदली फर्स्ट फ्लशला, दोन बदल्या ग्रीन टीला. तशी आमच्याकडे साताऱ्यात उकळीच ९७-९८ला फुटते, आणि पाचगणीला ९६च्या आसपास. फर्स्ट फ्लश अडीच मिनिटं, दार्जिलिंगचे बाकीचे तीन ते साडेतीन, निलगिरी चार. रंग बघून ठरवायचं नाही. अडीच मिनिटांनी एक घोट घ्या, मग अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने. तुमच्या जिभेला थांब वाटेल तिथे थांबायचं.

इंटरनेटवर कुठे तरी शंभर मिलिलिटरला दोन ग्रॅम आणि सहा मिनिटं असं प्रमाण दिसेल. १९८०च्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयएसओ ३१०३मध्ये ते आहे. पण ते चहा पारखायचं प्रमाण आहे, प्यायचं नाही. आम्ही चाखणारे मुद्दाम कडक करतो, म्हणजे खोट लपत नाही, आणि फुर्रकन घोट ओढून थुंकून टाकतो. या मानकाच्या ब्रिटिश आवृत्तीला, चहा कसा करावा याच्या सहा पानी नियमांना, १९९९ साली इग नोबेल हे चेष्टेचं पारितोषिक मिळालं होतं. आमच्या धंद्याला मिळालेलं तेवढं एकच नोबेल.

पाण्याबद्दल मात्र मी गंभीर आहे. कपात ९९ टक्के तेच असतं आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. चांगल्या चहाची तक्रार आली की मी पहिलं विचारते, पाणी नळाचं की बोअरचं? बोअरच्या जड पाण्यात चहा काळपट-मातकट होतो, वर तेलकट तवंग येतो, कपाला कडं धरतं. तो तवंग तेलाचा नसतो. पाण्यातला चुना आणि चहाची द्रव्यं मिळून तो बनतो. लिंबाचे दोन थेंब टाकले की फाटतो, पण मग चवही लिंबाची. उलट आरओचं अगदी मोकळं पाणी असलं तर चहा सपक लागतो, त्याला पकड राहत नाही. तुमच्या घरी बोअर असेल तर अर्धं आरओचं आणि अर्धं साधं मिसळून बघा. मुंबईला धरणांचं मऊ पाणी, त्यामुळे तिथले नातेवाईक आमच्याकडचाच चहा नेतात आणि ‘आमच्याकडे जास्त छान होतो’ असं फोन करून सांगतात. खरं असतं ते. आणि पाणी दर वेळी नवं घ्या, केटलीतलं उरलेलं पुन्हा पुन्हा उकळू नका.

साठवण. घट्ट झाकणाचा, प्रकाश न जाणारा डबा, ओट्यापासून दूर. चहा वास ओढून घेतो. माझ्या हातून अर्धा किलो दार्जिलिंग गोड्या मसाल्याच्या शेजारच्या फडताळात राहिलं होतं, महिन्याभरात त्याला दगडफुलाचा वास लागला. ते मी आमटी करताना आठवून हळहळते. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात असाल तर, मोठं पाकीट फोडून दोन छोट्या डब्यांत घाला आणि एकच उघडा. फ्रिजमध्ये नको, बाहेर काढलं की डब्याच्या आत दव धरतं. कपांचे तपकिरी डाग खाण्याच्या सोड्याने निघतात. चहादाणीला साबण लावलात तर खूप विसळा.

आता आईंचं. त्यांचा चहा बदलू नका. ऐंशीव्या वर्षी कुणाला कोऱ्या चहाचे धडे द्यायचे नसतात. त्यांच्यासाठी आसामची चांगली ममरी वेगळ्या डब्यात ठेवा. तुमच्या महागड्या पानात दूध उकळून त्यांना देऊ नका. ती पैठणी नेसून भांडी घासण्यातली गत, आणि त्यांना आवडणारही नाही, त्यांच्या चवीला तो पाणीदारच लागणार. मुंबई-पुण्याकडची मिश्रणं ममरीत थोडी भुकटी घालून करतात, ममरी चवीला आणि भुकटी रंगाला. तुम्हीही तीन भाग ममरी आणि एक भाग भुकटी (दुकानात ‘डस्ट’) असं घरी मिसळू शकता. त्यांना आल्याचा चहा आवडतो असं लिहिलंयत आणि हल्ली दूध फाटतं म्हणता. दूध वाईट नाही. आल्यात दुधाचं प्रथिन तोडणारं एक द्रव्य असतं, ते कच्चं दुधात पडलं की दूध फाटतं. आलं आधी आधणात ठेचून टाका, दोन-तीन मिनिटं चांगलं उकळू द्या, मग पूड, आणि दूध सगळ्यात शेवटी, तेही गरम करून.